फोन कॉलवर चालणारा शेतीपंप : लिनक्स बोर्ड, मोडेम आणि रिले एकत्र कसे काम करतात?

घरी बसून फोन लावायचा, पलीकडून ‘मोटर चालू करण्यासाठी एक दाबा’ असा आवाज येतो, एक दाबले की दोन किलोमीटरवरच्या विहिरीवरची मोटर सुरू होते. महाराष्ट्रातल्या अनेक शेतकऱ्यांना ही सोय ‘मोबाइल स्टार्टर’ या नावाने माहीत आहे. बाजारात तयार मिळणाऱ्या अशा बहुतेक पेट्यांमध्ये एक छोटी मायक्रोकंट्रोलर चिप असते. तेच काम रास्पबेरी पायसारख्या लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या संगणकानेही करता येते, आणि तो वापरल्यास यंत्रणा बोलू शकते, नोंदी ठेवू शकते आणि दुरून दुरुस्तही करता येते. ही यंत्रणा कोणत्या भागांची बनते, एका कॉलमध्ये नेमके काय घडते आणि ती बसवताना कोणते धोके लक्षात घ्यावे लागतात, याची माहिती या लेखात दिली आहे.

गरज कशातून निर्माण झाली?

महाराष्ट्रात शेतीपंपांना थ्री-फेज वीज दिवसभर मिळत नाही. अनेक भागांत ती आळीपाळीने, आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री ठरावीक तास, अशा वेळापत्रकाने दिली जाते. रात्रीची पाळी असली की शेतकऱ्याला अंधारात बांधावरून विहिरीपर्यंत जावे लागते. साप, विंचू, काही भागांत बिबट्या, ओल्या जमिनीवर उभे राहून स्टार्टरला हात लावताना बसणारा विजेचा धक्का, हे सगळे धोके त्या एका फेरीत असतात. एवढे करून वीज आलेली नसली किंवा मध्येच गेली, तर फेरी वाया जाते.

यावर पूर्वीपासून वापरला जाणारा उपाय म्हणजे ‘ऑटो स्विच’. वीज आली की मोटर आपोआप सुरू होते. पण त्याचे दोन तोटे आहेत. एक म्हणजे पाणी हवे की नको, याचा विचार न करता मोटर चालते. दुसरा तोटा अधिक मोठा आहे. एका रोहित्रावरचे सगळे पंप वीज येताच एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. तो सगळा भार एकदम आल्याने रोहित्र जळू शकते आणि मग सगळ्यांचीच वीज जाते. म्हणूनच महावितरण ऑटो स्विच काढून टाकण्याचे आवाहन वेळोवेळी करत असते. फोनवर चालणाऱ्या यंत्रणेत निर्णय माणसाच्या हातात राहतो आणि फेरीही वाचते.

पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी विकसित केलेले ‘नॅनो गणेश’ हे या प्रकारातले भारतातले सर्वांत परिचित उपकरण. साध्या मोबाइलवरून पंप चालू-बंद करणे आणि तिथे वीज आहे की नाही हे कळणे, ही त्याची मूळ कल्पना. २००९ मध्ये या कल्पनेला नोकिया कंपनीच्या नवोन्मेष स्पर्धेत पारितोषिक मिळाले.

यंत्रणेचे भाग

फोनवरून चालणाऱ्या कोणत्याही यंत्रणेत पुढील पाच भाग असतात.

१. *मोडेम.* सिमकार्ड घातलेला, पण पडदा आणि बटणे नसलेला फोन म्हणजे मोडेम. येणारा कॉल हाच घेतो.

२. *नियंत्रक बोर्ड.* मोडेमकडून आलेली माहिती तपासून काय करायचे ते ठरवणारा छोटा संगणक.

३. *रिले.* बोर्डाच्या क्षीण संकेतावर चालणारा विद्युत स्विच.

४. *स्टार्टर.* मोटरीचा प्रत्यक्ष प्रवाह जोडणारा आणि तोडणारा नेहमीचा स्टार्टर. तो बदलायचा नसतो, त्याची बटणे फक्त दुरून दाबायची असतात.

५. *तपासणी करणारे संवेदक.* तिन्ही फेज आहेत का, मोटर खरोखर चालली का, विहिरीत पाणी आहे का, हे सांगणारे भाग.

या सगळ्याला जिवंत ठेवणारी बॅटरी हा सहावा भाग म्हणता येईल. तिच्याबद्दल पुढे येईलच.

एम्बेडेड लिनक्स म्हणजे काय?

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सची सुरुवात केली तेव्हा ते घरगुती संगणकासाठी होते. आज ते वायफाय राउटर, सेट-टॉप बॉक्स, टीव्ही, कारमधले पडदे अशा असंख्य वस्तूंच्या पोटात असते. अशा एखाद्या ठरावीक कामाच्या यंत्रात बसवलेल्या लिनक्सला एम्बेडेड लिनक्स म्हणतात. वापरणाऱ्याला ते दिसत नाही, त्याला फक्त यंत्र दिसते.

२०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा बोर्ड विक्रीला आला आणि हे तंत्र विद्यार्थी व हौशी मंडळींच्या आवाक्यात आले. त्यानंतर बीगलबोन ब्लॅक, ऑरेंज पाय असे इतरही बोर्ड आले. या बोर्डांच्या कडेला धातूच्या पिनांची रांग असते. त्यातल्या काही पिना प्रोग्रॅममधून ‘चालू’ किंवा ‘बंद’ करता येतात, काहींवरून बाहेरची स्थिती वाचता येते. त्यांना जीपीआयओ पिना म्हणतात. रास्पबेरी पायची पिन ३.३ व्होल्टवर चालते आणि जेमतेम काही मिलिअँपिअर प्रवाह देऊ शकते. रिलेच्या वेटोळ्याला याहून बराच जास्त प्रवाह लागतो, म्हणून पिन आणि रिले यांच्यामध्ये ट्रान्झिस्टर किंवा प्रकाशाने संकेत पलीकडे नेणारा ऑप्टोकपलर असतो. तयार रिले मॉड्यूलमध्ये ही सोय केलेली असते. पिनेवर चुकून ५ व्होल्ट आले, तरी बोर्ड खराब होऊ शकतो.

मोडेम आणि त्याची जुनी भाषा

बोर्ड आणि मोडेम एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात, ती चार दशकांहून जुनी आहे. अमेरिकेतल्या हेज कंपनीने १९८१ मध्ये ‘स्मार्टमोडेम’ आणला. त्याच्या प्रत्येक आज्ञेची सुरुवात ‘एटी’ या दोन अक्षरांनी होई. ‘लक्ष द्या’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची ही आद्याक्षरे. आजचे ४जी मोडेमही याच आज्ञा पाळतात. कॉल उचलायचा तर ‘एटीए’, ठेवायचा तर ‘एटीएच’, नंबर लावायचा तर ‘एटीडी’. कॉल आला की मोडेम ‘रिंग’ असा शब्द पाठवतो. योग्य ती आज्ञा आधी देऊन ठेवली असेल, तर त्यासोबत कॉल करणाऱ्याचा नंबरही पाठवतो. बोर्डावरचा प्रोग्रॅम सीरिअल पोर्ट किंवा यूएसबीवरून येणाऱ्या या ओळी सतत वाचत राहतो.

मोडेम निवडताना दोन गोष्टी सर्वाधिक चुकतात. पहिली म्हणजे नेटवर्क. सिम८००एल हे स्वस्त आणि लोकप्रिय मॉड्यूल फक्त २जीवर चालते. जिओचे जाळे सुरुवातीपासूनच २जी आणि ३जीशिवाय उभारलेले असल्याने जिओचे सिम त्यात चालत नाही. ४जी मोडेम घेतला, तरी त्यावर आवाजी कॉल होईलच असे नाही. ४जीवर कॉल होण्यासाठी मोडेमला व्होल्टे जमायला हवे, आणि इंटरनेटसाठी विकल्या जाणाऱ्या अनेक डोंगलमध्ये ते नसते. विहिरीवर कोणत्या कंपनीचे कोणत्या पिढीचे नेटवर्क पोहोचते, हे तिथे फोन नेऊन पाहिल्यावरच मोडेम विकत घ्यावा.

दुसरी चूक वीजपुरवठ्याची. २जी मॉड्यूल टॉवरशी बोलताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते. पुरवठा कमजोर असेल तर त्या क्षणी व्होल्टेज खाली येते आणि मॉड्यूल बंद पडून पुन्हा सुरू होते. ‘टेबलावर सगळे चालते, कॉल आला की बंद पडते’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

आज्ञा देण्याच्या तीन पद्धती

*मिस्ड कॉल*

सर्वांत सोपी आणि फुकट पद्धत. कॉल उचलायचाच नाही. नंबर यादीत असेल तर प्रोग्रॅम कॉल कापतो आणि मोटर चालू करतो, आधीच चालू असेल तर बंद करतो. सोसायट्यांची फाटके उघडण्यासाठी ही पद्धत सर्रास वापरतात. इथे एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते. एकच नंबर कधी ‘+९१’ लावून येतो, कधी मागे शून्य लावून, कधी नुसते दहा अंक. म्हणून तुलना नेहमी शेवटच्या दहा अंकांची करायची.

या पद्धतीची मर्यादा म्हणजे उत्तर मिळत नाही. कॉल कापला गेला तो यंत्राने कापला की नेटवर्कने, हे कळायला मार्ग नसतो. एकाच कॉलने चालू आणि बंद दोन्ही होत असेल तर गोंधळ वाढतो, कारण मोटर आता कोणत्या स्थितीत आहे हेच माहीत नसते. फाटकाला हे चालून जाते. पंपाला चालत नाही.

*बटणांचे सूर*

कॉल चालू असताना फोनचे बटण दाबले की जो आवाज येतो, तो एक सूर नसून दोन सुरांचे मिश्रण असते. बटणांच्या चार आडव्या ओळींना ६९७, ७७०, ८५२ आणि ९४१ हर्ट्‌झ हे सूर दिलेले आहेत, तर उभ्या स्तंभांना १२०९, १३३६ आणि १४७७ हर्ट्‌झ. पाच दाबले की ७७० आणि १३३६ हे दोन सूर एकदम वाजतात. १६३३ हर्ट्‌झचा चौथा स्तंभही ठरवलेला आहे, पण साध्या फोनवर तो नसतो. या पद्धतीला डीटीएमएफ म्हणतात. अमेरिकेतल्या बेल कंपनीने ती १९६३ मध्ये ग्राहकांसाठी आणली. हे आकडे सहज घेतलेले नाहीत. एकही सूर दुसऱ्याच्या पटीत नाही, त्यामुळे माणसाच्या बोलण्यातून चुकून असे मिश्रण तयार होण्याची शक्यता फार कमी राहते.

सूर ओळखण्यासाठी पूर्वी एमटी८८७० ही चिप वापरत, आजही शाळा-कॉलेजांच्या प्रकल्पांत ती दिसते. लिनक्स बोर्डाला चिपची गरज नाही. मोडेमचा आवाज बोर्डाला मिळाला की प्रोग्रॅमच हिशेब करतो. टेलिफोनचा आवाज सेकंदाला ८००० नमुन्यांत मोजलेला असतो. त्यातले २०५ नमुने, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांचा आवाज घ्यायचा आणि त्यात वरच्या आठ सुरांपैकी कोणते जोरात आहेत ते पाहायचे. जेराल्ड गर्ट्‌झेल यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या गणिती पद्धतीने हे काम अगदी छोट्या प्रोसेसरवरही होते. काही मोडेम तर हे सूर स्वतःच ओळखून बोर्डाला थेट अंक कळवतात.

मोबाइलमध्ये एक वेगळेपण आहे. मोबाइलवर बटण दाबले की हँडसेट सूर पाठवत नाही. ‘अमुक बटण दाबले’ असा निरोप टॉवरला जातो आणि सूर पुढे नेटवर्क तयार करते. पण विहिरीवरचा मोडेमही मोबाइलच असल्याने तो सूर त्याच्यापर्यंत माणसाच्या आवाजासाठी बनवलेल्या आकुंचन पद्धतीतून येतो. सिग्नल कमी असेल तर सूर तुटतो, एकच बटण दोनदा दाबल्यासारखे वाटते किंवा दाबलेलेच कळत नाही. म्हणून प्रत्येक अंक मिळाल्यावर ‘आपण एक दाबले’ असे ऐकवून खात्री करून घेणारी रचना चांगली समजतात.

*बोलणारा मेनू*

तिसऱ्या पद्धतीत बँकेच्या ग्राहकसेवेसारखा मेनू असतो. यासाठी ॲस्टेरिस्क हे मोफत सॉफ्टवेअर बहुतेक वेळा वापरले जाते. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये ते लिहिले आणि ते रास्पबेरी पायवरही चालते. कॉल उचलणे, ध्वनिमुद्रित वाक्य ऐकवणे, बटण ओळखणे आणि त्यानुसार एखादा प्रोग्रॅम चालवणे, ही सगळी कामे ते करते. वाक्ये घरातल्या कुणाच्याही आवाजात मराठीत मुद्रित करता येतात. ज्यांना पडद्यावरचे वाचता येत नाही, अशा वडीलधाऱ्यांनाही हे यंत्र त्यामुळे वापरता येते.

इथे कायद्याची एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. स्वतःच्या यंत्राने स्वतःचा कॉल उचलणे वेगळे. इंटरनेटवरून आलेले कॉल सिमकार्डामार्फत सार्वजनिक टेलिफोन जाळ्यात सोडणे मात्र भारतात परवान्याशिवाय बेकायदेशीर आहे.

एका कॉलचा प्रवास

समजा रात्री साडेदहाला शेतकऱ्याने घरून फोन लावला. चांगल्या यंत्रणेत पुढील क्रमाने गोष्टी घडतात.

मोडेम ‘रिंग’ आणि नंबर कळवतो. प्रोग्रॅम नंबर यादीत शोधतो. नसेल तर कॉल कापतो आणि नोंद करतो. असेल तर कॉल उचलून चार अंकी गुप्त क्रमांक विचारतो. तो बरोबर आला की आधी परिस्थिती सांगतो : ‘तिन्ही फेज आहेत. मोटर बंद आहे. विहिरीत पाणी आहे.’ शेतकरी ‘एक’ दाबतो. प्रोग्रॅम पुन्हा एकदा फेज तपासतो, विहिरीवरचा भोंगा दहा सेकंद वाजवतो आणि मग ‘चालू’चा रिले सेकंदभर ओढून सोडतो. यानंतर तो थांबतो आणि मोटरीच्या वायरीभोवती बसवलेल्या करंट ट्रान्सफॉर्मरकडून प्रवाह मोजतो. प्रवाह अपेक्षेइतका असेल, तरच ‘मोटर चालू झाली’ हे वाक्य ऐकवतो. नसेल तर ‘मोटर चालू झाली नाही’ असे सांगतो.

शेवटची पायरी अनेक घरगुती प्रयोगांत गाळली जाते. रिले ओढला गेला म्हणजे मोटर चालली, असे नसते. फ्यूज गेलेला असू शकतो, ओव्हरलोड ट्रिप झालेला असू शकतो. दिलेल्या आज्ञेवर नव्हे, तर मोजलेल्या प्रवाहावर विश्वास ठेवणे हा या यंत्रणेचा पहिला नियम आहे. मोटर चालू असताना प्रवाह अचानक कमी झाला, तर पंप बहुधा कोरडा चालतो आहे. अशा वेळी यंत्र मोटर बंद करून स्वतःच शेतकऱ्याला फोन लावू शकते.

रिले आणि स्टार्टरची जोडणी

५ अश्वशक्तीची थ्री-फेज मोटर प्रत्येक फेजवर साधारण साडेसात-आठ अँपिअर प्रवाह घेते आणि सुरू होताना त्याच्या कैक पट. बाजारातल्या निळ्या रिलेवर ‘१० अँपिअर, २५० व्होल्ट’ असे लिहिलेले असते. ते वाचून मोटर थेट त्यावर जोडण्याचा मोह होतो. तसे केल्यास रिलेचे संपर्क जळतात किंवा एकमेकांना चिकटतात. चिकटले तर मोटर दुरून बंदच करता येत नाही.

म्हणून रिलेने फक्त स्टार्टरच्या बटणांचे काम करायचे. हिरव्या बटणाला समांतर एक रिले जोडला जातो, त्याचा संपर्क क्षणभर जुळला की मोटर सुरू होते आणि स्टार्टर स्वतःला धरून ठेवतो. लाल बटणाच्या रांगेत दुसरा रिले येतो, त्याने क्षणभर जोडणी तोडली की मोटर बंद होते. यात एक मोठा फायदा आहे. वीज गेली की स्टार्टर सुटतो आणि परत आल्यावर मोटर आपोआप सुरू होत नाही. मूळ बटणे आणि ओव्हरलोड संरक्षणही तसेच राहते. मात्र अनेक स्टार्टरच्या वेटोळ्याला दोन फेजमधले ४१५ व्होल्ट दिलेले असतात. २५० व्होल्टचा रिले तिथे चालत नाही, मध्ये योग्य क्षमतेचा दुसरा रिले किंवा छोटा काँटॅक्टर घालावा लागतो. हे काम परवानाधारक वायरमननेच करायचे असते.

लिनक्स कशासाठी आणि त्याची किंमत काय?

नुसती मोटर चालू-बंद करायची असेल, तर शंभर-दोनशे रुपयांचा मायक्रोकंट्रोलरही पुरतो. तो वीज मिळताच क्षणात सुरू होतो, फार कमी वीज खातो आणि त्यात बिघडण्यासारखे थोडेच असते. लिनक्स बोर्डाचा फायदा कामे वाढली की दिसतो. मराठीत बोलणारा मेनू, कोणी कधी मोटर चालवली याची तारीखवार नोंद, एकाच विहिरीवर भाऊबंदांच्या पाळ्या सांभाळणे, दुरून प्रोग्रॅम सुधारणे, हे सगळे एकाच बोर्डावर सहज होते.

पण त्यासोबत काही जबाबदाऱ्याही येतात.

*अचानक जाणारी वीज.* लिनक्स एसडी कार्डावर सतत काहीतरी लिहीत असते. लिहिताना वीज गेली तर कार्डावरची माहिती बिघडू शकते आणि बोर्ड सुरूच होत नाही. उपाय म्हणून मूळ फाइल व्यवस्था ‘फक्त वाचण्यासाठी’ ठेवतात आणि नोंदी वेगळ्या विभागात लिहितात.

*अडकणे.* प्रोग्रॅम बंद पडला तर सिस्टमडी तो पुन्हा सुरू करू शकते. बोर्डच गोठला तर वॉचडॉग उपयोगी पडतो. हे एक स्वतंत्र घड्याळ असते. प्रोग्रॅमने त्याला ठरावीक वेळात ‘मी जागा आहे’ असे कळवले नाही, तर ते बोर्ड बंद करून पुन्हा सुरू करते. मोडेमही अधूनमधून अडकतो, म्हणून त्याची वीज तोडून जोडण्याची सोयही ठेवतात.

*सुरू होतानाची स्थिती.* बोर्डाला सुरू व्हायला काही सेकंद ते अर्धा मिनिट लागतो. त्या काळात पिनांवर प्रोग्रॅमचा ताबा नसतो. रिलेची रचना उलटी असेल, तर बोर्ड सुरू होताना रिले क्षणभर ओढला जातो आणि कुणी न सांगता मोटर सुरू होते. पिनेला योग्य रोध जोडून, बोर्ड बंद असतानाही रिले सुटलेलाच राहील अशी रचना करणे आवश्यक असते.

*बॅटरी.* ‘वीज आली का?’ या प्रश्नाला वीज नसतानाही उत्तर द्यायचे, तर बोर्ड बॅटरीवर चालायला हवा. बोर्ड आणि मोडेम मिळून सरासरी ३ वॅट घेतात असे धरले, तर वीज नसलेल्या १६ तासांत ४८ वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ८४ वॅट-तास असतात. म्हणजे ती रोज निम्म्याहून जास्त रिकामी होईल आणि लवकर खराब होईल. मोठी बॅटरी, छोटा सौर पॅनल किंवा कमी वीज खाणारा बोर्ड, यांपैकी काहीतरी करावे लागते.

फोन कॉलच का, एसएमएस किंवा ॲप का नाही?

एसएमएस हा साठवून पुढे पाठवला जाणारा निरोप आहे. विहिरीवर सिग्नल नसेल तर तो वाट पाहत राहतो आणि दोन-तीन तासांनी पोहोचू शकतो. रात्री दहाला पाठवलेला ‘चालू कर’ हा निरोप पहाटे पोहोचून मोटर सुरू झाली, तर भरलेल्या शेतात पुन्हा पाणी जाते. कॉलचे तसे नसते. तो त्या क्षणी लागतो किंवा लागत नाही. एसएमएस वापरायचाच असेल, तर त्यावरची वेळ तपासून जुना निरोप टाकून द्यावा लागतो.

ॲपसाठी दोन्हीकडे चालू इंटरनेट आणि मध्ये एखादा सर्व्हर लागतो. ती कंपनी बंद झाली किंवा वर्गणी थकली, तर पेटी निरुपयोगी होते. दुसरीकडे आलेख, वेळापत्रक, अनेक पंपांची एकत्र माहिती, या गोष्टी ॲपमध्येच सोयीच्या. लिनक्स बोर्डावर दोन्ही एकत्र ठेवता येतात : रोजचे काम ॲपवर आणि इंटरनेट नसेल तेव्हा कॉल.

सुरक्षितता

कॉल करणाऱ्याचा नंबर म्हणजे ओळखपत्र नव्हे. खोटा नंबर दाखवून कॉल करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य असते. त्यामुळे यादीसोबत गुप्त क्रमांक हवाच, आणि तीन वेळा चुकल्यावर काही काळ तो नंबर बंद करण्याची सोयही हवी. यादीबाहेरच्या कॉलवर काहीही हालचाल होता कामा नये. नाहीतर कर्ज विकणाऱ्या कंपनीच्या फोननेही मोटर सुरू होईल. सिमचे रिचार्ज संपले की येणारे कॉलही बंद होतात, म्हणून त्याची तारीख प्रोग्रॅमने आठवण करून द्यावी. यंत्रांसाठी भारतात १३ अंकी क्रमांकांची वेगळी सिमकार्डे आहेत, पण त्यांच्यावर आवाजी कॉलची बंधने असतात. ती घेण्याआधी त्यावर काय चालते, हे विचारून घ्यावे.

सर्वांत मोठा धोका मात्र वेगळाच आहे. फोन करणाऱ्याला विहीर दिसत नसते. कुणी विहिरीत उतरून फूटव्हॉल्व्ह साफ करत असेल, कुणी केबलचा जोड उघडून बसला असेल आणि त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या कुणी मोटर चालू केली, तर जीव जाऊ शकतो. प्रोग्रॅमला हे कळत नाही. म्हणून पेटीवर ‘दुरून’ आणि ‘जागेवर’ असा हाताने फिरवायचा स्विच असणे अत्यावश्यक आहे. तो ‘जागेवर’ केला की रिलेची वायरच तुटली पाहिजे, नुसता प्रोग्रॅमला संकेत जाऊन भागत नाही. आणि दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी मेन स्विच पाडून फ्यूज काढून खिशात ठेवायचे, ही जुन्या वायरमनची पद्धत फोनवर चालणारी पेटी बसवल्यावर अधिकच महत्त्वाची ठरते. मोटर सुरू होण्याआधी वाजणारा भोंगा हा त्यानंतरचा इशारा.

इतर उपयोग

हीच रचना पंपाशिवाय इतरत्रही वापरता येते. डोंगरावरच्या टॉवरवर अडकलेला राउटर बंद करून पुन्हा सुरू करणे, गावच्या पाणीपुरवठ्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह फिरवणे, शीतगृहातले तापमान फोनवर ऐकणे, ही काही उदाहरणे. अनेक ठिकाणी उलटा कॉलच जास्त कामाचा ठरतो : यंत्राने माणसाला फोन लावून ‘वीज गेली’, ‘तापमान वाढले’ असे सांगणे.

पंपाच्या बाबतीत आणखी एक छोटी सुधारणा सगळ्या गावाच्या उपयोगाची आहे. वीज नुकतीच आली असेल, तर प्रोग्रॅमने मोटर लगेच सुरू न करता काही मिनिटे थांबावे आणि हा थांबण्याचा वेळ प्रत्येक पेटीत वेगळा ठेवावा. मग एका रोहित्रावरच्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होत नाहीत आणि ऑटो स्विचमुळे होणारे नुकसान टळते.